यात किती झोपतील?

रिकामी गाडी दिसली की मी मनातल्या मनात तिच्यात संसार मांडतो. गादी इकडं, शेगडी तिकडं, दोरीवर टॉवेल. यष्टीच्या शेवटच्या बाकावर असे कितीतरी संसार मांडून मोडलेत. आणि सगळं मांडून झालं की एकच हिशोब उरतो: यात किती झोपतील?

परवा लोखंडी पलंगाचा पाय जोडून घ्यायला लातूरच्या एमआयडीसीत एका बॉडीवाल्याकडं गेलो. (लहानपणी 'बॉडी बिल्डर' अशी पाटी वाचून आत पहिलवान असतील असं वाटायचं. निघाला एक काटकुळा म्हातारा.) दिवाळी होऊन गेली तरी ऊन पत्रा तापवत होतं. शेडमध्ये सीटा उपटलेली एक ट्रॅव्हलर उभी. कुणा डॉक्टरांना त्यात घर करून पाहिजे होतं. झोपायचं, चहा करायचं, सगळं आतच. म्हाताऱ्याचे वडील बैलगाड्या करायचे. ह्यानं ट्रकच्या लाकडी बॉड्या केल्या, मुलानं लोखंडी, आणि आता नातू मोबाइलमधलं चित्र बघून प्लायवूड कापत होता. पाण्याची दोनशे लिटरची टाकी त्यानं पार मागं, शेवटच्या काचेखाली आखली होती.

म्हातारा बाजेवरून हलला नाही. "आसावर घे वजन. उलाळ होईल गाडी."

नातवाला उलाळ कळलं नाही. मला कळलं, कारण मी स्वतः एक गाडी उलाळ केलेली आहे.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला आम्ही बैलगाडीनं जायचो. देवणी जोडी, खाली कडब्याचा थर, त्यावर गोधड्या, वर तट्ट्याचं छप्पर. आसाखाली कंदील हेलकावे खायचा आणि गाडीच्या सावलीत कुत्रं चालायचं. आत आज्जीचं राज्य. घागर कुठं, भाकरीचं गाठोडं कुठं, शेंगाचटणीचा डबा कुठं, हे ठरलेलं. पाय लागला की पाठीत धपाटा. मार्गशीर्षातली थंडी, त्यात आम्ही सहा पोरं एका वाकळंत. एकदा मागून कुणाचा तरी उंट येतोय असं कळल्यावर सहाही जणं एकदम मागच्या टोकाला गेलो. जू वर उचललं, जुपण्या ताणल्या, बैलांचे डोळे पांढरे झाले, आणि आज्जी चटणीच्या डब्यासकट आमच्या अंगावर आली. उंट काही बघायला मिळाला नाही. चटणी मात्र माळेगावपर्यंत डोळ्यांत होती.

चाकावरच्या घरांचं वेड मला तिथूनच लागलं असावं. त्यात सगळ्यात आवडती गोष्ट एका चाबूकवाल्याची. जर्मनीत, आल्प्सच्या बाजूला इस्नी म्हणून गाव आहे. तिथल्या डेटलेफ्स घराण्याचा धंदा चाबूक करण्याचा. पुढं बर्फावर घसरायच्या काठ्याही करू लागले. आरिस्ट डेटलेफ्स मालाच्या कामानं सारखा फिरतीवर. त्याची होणारी बायको, फ्रिडेल एडेलमान, निसर्गचित्रं काढायची. तिचं म्हणणं, भटक्या लोकांसारखी एखादी गाडी असती तर दोघं बरोबर फिरलो असतो, मलाही चित्रं काढता आली असती. मग १९३१ साली पठ्ठ्यानं मोटारीमागं ओढायची एक खोलीच केली. नाव ठेवलं 'वोनआउटो', म्हणजे राहायची मोटार. बघणारे मागू लागले, आणि चाबकाच्या कारखान्यातून घरं बाहेर पडू लागली. पुढं मोटारघरंही आली. घराण्याचा धंदा नंतर हायमर समूहात गेला, तो समूह २०१९ साली अमेरिकेतल्या थॉर कंपनीनं घेतला. गाडीवर नाव अजून डेटलेफ्सच.

बायको बरोबर यावी म्हणून माणसानं घराला चाकं लावली, हे मला फार आवडतं. आपल्या राज्य सरकारनंही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. आज्जीला विचारलं असतं तर डबे कुठं ठेवायचे ते तरी नीट ठरलं असतं.

नातवानं शेवटी टाकी पुढं, आसाजवळ घेतली. तोंडानं काही बोलला नाही. म्हाताऱ्यानंही डोळे मिटून घेतले होते.

पलंग जोडून झाला. छोट्या हत्तीत चढवला. ड्रायव्हरच्या शेजारी जागा होती, तरी मी मागं जाऊन पलंगावरच बसलो. मांडी घालून. दोन तरी झोपतील आरामात.

चौकात सिग्नलला शेजारी ट्रॅक्टर येऊन थांबला. मागं दोन ट्रॉल्या. कोपीचे बांबू, ताडपत्री, हंडे, पिठाच्या गोण्या, एक शेळी. कोयते पोत्यात गुंडाळलेले. कारखान्यावर निघाले होते, आता उन्हाळ्यातच परतणार. दोन्ही ट्रॉल्यांत नवरा-बायकोच्या जोड्या, दाटीवाटीनं. सवयीनं मोजायला लागलो आणि सात-आठवरच सोडून दिलं.

बोचक्यांच्या वर एक पोरगी कोंबडी कवटाळून बसली होती. शाळेच्या गणवेशाचाच फ्रॉक अंगावर. माझ्या पलंगाकडं बघत तिनं विचारलं, "कुटं चाललाव काका?"

"घरी," मी म्हणालो.