किनारा अनोळखी का राहिला, हे आधी पाहावे

हिवाळ्यात एकदा तरी कोकणात समुद्रावर जायचे, हा आमच्या घरचा अनेक वर्षांचा नेम आहे. सुरुवातीला आम्ही सर्वांना ठाऊक असलेल्या किनाऱ्यांवरच जात होतो आणि तिथे आनंदाचे दिवस काढले, हेही खरे. पण एका डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अशाच एका नावाजलेल्या ठिकाणी पोहोचायला शेवटच्या चार किलोमीटरना दोन तास लागले, आरक्षित केलेली खोली दुसऱ्यालाच दिली गेली होती, आणि संध्याकाळी वाळूवर गाड्या फिरत असल्यामुळे आईला पाण्यापर्यंत चालत जाण्याचा धीर झाला नाही. सत्तरी ओलांडलेली आई त्या दिवशी सुरूच्या झाडाखाली बसून राहिली आणि समुद्र तिने लांबूनच पाहिला. ती संध्याकाळ माझ्या मनातून अजून जात नाही. पुढच्या वर्षापासून आम्ही कमी परिचित किनारे शोधू लागलो.

या शोधात पहिली दोन-तीन वर्षे माझी एक चूक होत होती. किनारा जितका निर्जन तितका चांगला, असे मी धरून चाललो होतो. हळूहळू लक्षात आले की कोणताही किनारा उगाच अनोळखी राहत नाही. कुठे मध्ये खाडी आडवी येते, कुठे हमरस्ता फार लांब असतो, कुठे गावात राहण्याची सोय नसते, आणि कुठे तिथला समुद्रच अंगावर येणारा असतो. आधीची तीन कारणे आपल्या पथ्यावर पडू शकतात, चौथे मात्र जिवावर बेतू शकते. म्हणून आता कोणत्याही नव्या गावाचे नाव कानावर आले की मी पहिल्यांदा हेच विचारतो, की इथे लोक का येत नाहीत? त्याचे नीट उत्तर मिळाल्याशिवाय मी बेत पक्का करत नाही.

दापोली तालुक्यातील केळशी हे या दृष्टीने माझे सर्वांत आवडते उदाहरण आहे. दापोलीला येणारे बहुतेक पर्यटक मुरुड, कर्दे किंवा फार तर हर्णैपर्यंत जातात. त्यापलीकडे अंजर्ल्याची खाडी आहे. तिच्यावर पूल होण्याआधी होडीने तरी पलीकडे जावे लागे, नाहीतर लांबचा वळसा घ्यावा लागे. अंजर्ल्याहून पाडले, आडे, उटंबर अशी गावे मागे टाकत रस्ता केळशीला येतो आणि गावाच्या दुसऱ्या अंगाला पुन्हा भारजा नदीची खाडी आहे. दोन खाड्यांच्या बेचक्यात असल्यामुळे हे गाव सहज जाता जाता लागत नाही, तिथे ठरवूनच जावे लागते. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, आंबेत आणि मंडणगड या वाटेने आम्ही गेलो, तेव्हा शेवटच्या टप्प्यात रस्ता अरुंद झाला, वळणे वाढली आणि मुलांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. हा त्रास किनाऱ्याची राखण करतो, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

केळशीचे वेगळेपण समुद्रावर जाण्याआधीच, गावातून चालताना कळते. चिऱ्याच्या पाखाड्या म्हणजे दगडी पायवाटा, दोन्ही बाजूंना गडगे म्हणजे दगडांची कुंपणे, आत माड-पोफळीची आगरे म्हणजे बागा, आणि त्यांतून झिरपणारा ओलसर गारवा. महालक्ष्मीचे देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा ही दोन्ही या गावाची श्रद्धास्थाने आहेत. खाडीच्या मुखाजवळ वाळूचे एक मोठे टेकाड आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी त्याचा अभ्यास केला आहे. त्यांना तिथे जुनी खापरे आणि नाणी मिळाली, आणि ही वाळू एका प्रचंड लाटेने आणून टाकली असावी असे मतही मांडले गेले. अशा टेकाडावर मुलांना घसरगुंडी खेळू देऊ नये, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन, कारण वाळूचा एकेक थर म्हणजे तिथला न वाचलेला कागद आहे.

त्या किनाऱ्यावरची एक सकाळ मला सविस्तर सांगायची आहे. ओहोटी होती आणि पाणी बरेच मागे गेले होते. ओल्या वाळूवर जिकडेतिकडे मोहरीपेक्षा जराशा मोठ्या गोळ्यांची नक्षी पसरली होती. मधोमध एक बारीक भोक आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या गेलेल्या गोळ्यांच्या ओळी. जवळ जाताच सगळे सामसूम होई. मुलीला घेऊन मी पाचेक मिनिटे हालचाल न करता उकिडवा बसलो, तेव्हा एका भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला, दोन्ही नांग्यांनी भराभर वाळू तोंडाशी नेऊ लागला आणि त्यातले खाण्याजोगे कण घेऊन उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकू लागला. एक गोळी, एक पाऊल पुढे, दुसरी गोळी. मुलीने पुटपुटत बावीसपर्यंत मोजल्या. पुढची भरती ही सारी नक्षी पुसून टाकते आणि पाणी ओसरले की खेकडे पुन्हा पहिल्यापासून कामाला लागतात. ज्या किनाऱ्यावर दिवसभर गाड्या फिरतात, घोडागाडी धावते आणि हजारो पावले उमटतात, तिथे ही नक्षी क्वचितच पाहायला मिळते. त्यामुळे मी एक साधी खूण धरली आहे. ओहोटीच्या वेळी वाळूवर अशा गोळ्या दिसल्या आणि वरच्या अंगाला जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असली, तर तो किनारा अजून सुस्थितीत आहे असे समजावे. समुद्राने आपली मर्यादा जिथे आखली तिथे ही वेल वाढते आणि आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवते. तिचे हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता पाण्याविषयी. भरती-ओहोटीचे गणित कोकणातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते आणि ते शिकायला अजिबात अवघड नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि दुपारी बाराला पूर्ण ओहोटी असते. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास येते, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास पाणी सर्वांत मागे गेलेले असते. थोडा फरक पडतो, पण सहलीचा दिवस ठरवायला एवढे पुरते. आम्ही एकदा हे न पाहता अष्टमीच्या सुमारास गेलो होतो. सूर्यास्ताच्या वेळी लाटा थेट सुरूच्या मुळांपर्यंत आल्या होत्या, चालायला वाळूच उरली नव्हती, आणि जेव्हा प्रशस्त किनारा उघडा पडला तेव्हा डोक्यावर बाराचे ऊन होते. तेव्हापासून मी सुट्टीचा अर्ज देण्याआधी दिनदर्शिका पाहतो आणि पौर्णिमा किंवा अमावास्या उलटून गेल्यानंतरचे तीन-चार दिवस निवडतो. या दिवसांत उधाणाचा जोर असल्यामुळे ओहोटीलाही पाणी दूरवर जाते आणि सकाळ-संध्याकाळ ऐसपैस वाळू मिळते. अर्थात त्याच उधाणामुळे पाण्याची ओढही जास्त असते, ही दुसरी बाजू कधी विसरू नये.

अनोळखी किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो, धोक्याची पाटी नसते आणि बुडणाऱ्याची हाक ऐकायला पुष्कळदा आसपास कोणी नसते. म्हणून तिथे पोहण्याचा विचार बाजूला ठेवावा आणि गुडघाभर पाण्यावर समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाळू जाड आणि उतार तीव्र असेल, लाट दूरवर न फुटता एकदम काठाशी येऊन आपटत असेल, तर तिथे गुडघाभर पाणीसुद्धा नको. परत जाणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते आणि पुढच्याच पावलाला खोली लागते. खाडीचे मुख तर आणखी फसवे असते. वरून पाणी संथ दिसते, पण ओहोटीला साऱ्या खाडीचे पाणी त्या अरुंद वाटेने समुद्राकडे धावत असते आणि वाळूचे दांडे आपली जागा बदलत राहतात. केळशीला आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "देवळापासून कुठेही फिरा, पण मुखाकडे पाण्यात उतरू नका. आम्हीही उतरत नाही." गावातला माणूस ज्या पाण्यात उतरत नाही, त्यात आपण उतरू नये, याला माझ्या लेखी अपवाद नाही.

कधी कधी प्रसिद्ध ठिकाणाच्या अगदी समोरच निवांत किनारा असतो. मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते आणि तिच्या पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे आहे. देवबागहून होडीने फिरायला निघालेले पर्यटक भोगव्याच्या वाळूवर जेमतेम अर्धा तास उतरतात आणि परत जातात. रस्त्याने यायचे तर परुळ्याकडून वळसा घालून यावे लागते, आणि तेवढ्यामुळेच मुक्कामाला येणारे कमी. आम्ही तिथे दोन रात्री राहिलो. होड्या परत गेल्यावर संध्याकाळी त्या चंद्राकार किनाऱ्यावर आमच्याशिवाय जाळी सुकवणारी चार माणसे होती. निवतीच्या किल्ल्याचे आता फारसे काही शिल्लक नाही, पण त्या टेकडीवर चढून गेले की भोगव्याची संपूर्ण कमान एका नजरेत मावते. एवढ्यासाठी तरी ती चढण चढावी.

मंडणगड तालुक्यातील वेळासची गोष्ट थोडी निराळी आहे. नाना फडणविसांचे हे गाव बाणकोटच्या खाडीजवळ, तसे आडबाजूलाच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002च्या सुमारास गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू केले आणि पुढे कासव महोत्सवामुळे गावाचे नाव सर्वदूर गेले. लोक गावातल्याच घरांत उतरतात, घरचेच जेवण जेवतात आणि पिल्ले समुद्रात सोडली जाताना दोरीच्या अलीकडे उभे राहून पाहतात. किनारा प्रसिद्ध झाला तरी कमाई गावाच्या हाती राहू शकते, हे वेळासने दाखवले, आणि त्याबद्दल मला या गावाविषयी मनापासून आदर आहे. मात्र निवांतपणा हवा असेल तर मार्चमधल्या शनिवार-रविवारी तिथे जाऊ नये.

लहान गावात जाताना आपण त्या गावावर किती भार टाकतो, याचाही विचार करायला हवा. पाणी बहुधा विहिरीचे असते, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरीतून प्रमाणाबाहेर उपसा झाला की ती मचूळ होते. उन्हाळ्यात तर घरच्यांनाच पाणी जपून वापरावे लागते. कचरा उचलून नेण्याची व्यवस्था अनेक ग्रामपंचायतींना परवडत नाही. म्हणून आम्ही पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची वेष्टने एका पिशवीत भरून परत पुण्याला आणतो. जेवणाचे आदल्या दिवशी सांगून ठेवतो, कारण तिथे कोणी पंचवीस पदार्थ तयार ठेवून बसलेले नसते. सकाळी घावन आणि चटणी, दुपारी जे मासे बंदरावर येतील ते किंवा कुळथाची पिठी आणि भात, असे जेवण असते. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि समुद्रही खवळलेला असतो, तेव्हा ताज्या मासळीच्या ओढीने जाणाऱ्यांनी हे दोन महिने टाळावेत. शिवाय दवाखाना किती दूर आहे हे घरात वृद्ध किंवा लहान मूल असल्यास निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. केळशीहून दापोलीला पोहोचायला तासाभराहून अधिक वेळ लागतो, म्हणून आईची औषधे आम्ही दुप्पट नेतो.

यंदा राजापूर तालुक्यातील वेत्ये येथे जाण्याचे आमच्या मनात आहे. आडिवऱ्याची महाकाली आणि कशेळीचा कनकादित्य ही दोन्ही देवस्थाने तिथून जवळ असल्यामुळे आईचाही उत्साह वाढला आहे. ज्यांच्या घरी उतरायचे ठरते आहे, त्यांना मी फोनवर नेहमीचे प्रश्न विचारले. लोक कमी का येतात, गावातली मुले कुठल्या बाजूला पाण्यात उतरतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाळूपर्यंत चालत जाता येईल का. पहिल्याचे उत्तर "हायवेपासून लांब पडते म्हणून" असे मिळाले, दुसऱ्यासाठी "आल्यावर जागा दाखवतो, त्याशिवाय उतरू नका" असे त्यांनी बजावले. तिसऱ्या प्रश्नावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, "आईंसाठी आगरातून वाट आहे, तिथून आणू आम्ही. फक्त पौर्णिमा झाली की लगेच या, संध्याकाळी पाणी लांब गेलेले असेल." मी माघ वद्य द्वितीयेपासून चार दिवसांची रजा टाकली आहे.