पहिल्या गेमचं इंजिन: आधी ‘गुऱ्हाळ’ लिहून बघा

पहिल्या गेमसाठी कोणतं इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) घ्यावं, हे गेम ठरल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून एक गेम धरूनच चालू. कोल्हापुरात कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही अशी गोष्ट घेऊ: गुऱ्हाळ. एकच स्क्रीन. काहिलीत उसाचा रस उकळतोय. खेळणाऱ्यानं चुलवाणात चिपाड (पिळून वाळलेला ऊस) टाकायचं, वर आलेली मळी काढायची आणि पाक ११८ अंशांच्या आसपास आला की काहील उतरवायची. घाई केली तर गूळ बसत नाही, उशीर केला तर करपतो. पहिला गेम एवढाच असावा. पन्हाळ्याच्या लढाईचा ओपन वर्ल्ड नंतर.

एवढ्या गेमला इंजिनाकडून टूडी चित्रं, बोटाचा स्पर्श, आवाज, मराठी मजकूर आणि अँड्रॉइड व ब्राउझर दोन्हीकडे चालणारी फाइल हवी. अनरिअल हे इंजिन इथंच बाजूला ठेवा. त्याची ताकद थ्रीडीत आहे आणि साध्या लॅपटॉपचा त्यात जीव जातो. गेममेकर टूडीसाठी खरोखर चांगलं आहे, शिकायला फुकट आहे. पण गेम विकायचा तर लायसन्स घ्यावं लागतं. युनिटीत ट्यूटोरियलची ददात नाही आणि नोकरीच्या दृष्टीनं ते यायलाच हवं. मात्र सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे युनिटीला द्यायची रनटाइम फी जाहीर केली आणि वर्षभरानं ती मागे घेतली. इंजिन दुसऱ्याच्या मालकीचं असलं की नियमही त्याचेच, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. गोडॉट एमआयटी या खुल्या लायसन्सखाली आहे, रॉयल्टी नाही. झिप उघडली की चालू, इन्स्टॉल करायचीही गरज नाही.

माझं मत गोडॉटला आहे, आणि त्याचं मुख्य कारण पैसा नसून अक्षरं आहेत.

युनिटीची बहुतेक ट्यूटोरियल टेक्स्टमेशप्रोवर, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या भागावर, चालतात. त्यात ‘चिपाड’ लिहून बघा. वेलांटी च च्या आधी यायला हवी, ती येते नंतर, आणि शब्द ‘चपिाड’ असा दिसतो. ‘गुऱ्हाळ’ मधला ऱ्ह फुटून पाय मोडलेला ऱ आणि सुटा ह उरतो. कारण असं की देवनागरीत कोड ज्या क्रमानं साठवले जातात त्याच क्रमानं अक्षरं काढून चालत नाही; मध्ये शेपिंग, म्हणजे अक्षरं जोडून योग्य जागी मांडणं, व्हावं लागतं. गोडॉट ४ मध्ये हे काम हार्फबझ ही लायब्ररी करते, म्हणून जोडाक्षरं नीट येतात.

पण इथंही एक खड्डा आहे. गोडॉटच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. तुमच्या लॅपटॉपवर तो गुपचूप सिस्टिमचा फॉन्ट उचलतो, सगळं छान दिसतं. वेबवर निर्यात केली की तिथं सिस्टिमचा फॉन्ट मिळत नाही आणि अक्षरांच्या जागी चौकोन येतात. म्हणून पहिल्याच दिवशी नोटो सान्स देवनागरीची टीटीएफ फाइल प्रोजेक्टमध्ये टाका आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जीयूआय, थीम, कस्टम फॉन्ट इथं लावा. संवाद एकेक अक्षर करून उमटवणार असाल तर लेबलच्या व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियरमध्ये ‘आफ्टर शेपिंग’ निवडा, नाहीतर ‘स्त्री’ उमटताना आधी नुसता स दिसेल.

प्रोजेक्ट उघडतानाच रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) ‘कंपॅटिबिलिटी’ ठेवा. जुन्या लॅपटॉपवर आणि स्वस्त फोनवर तोच चालतो. वेबला तर दुसरा पर्यायच नाही. गोडॉटची डॉटनेट (सी शार्प भाषेची) आवृत्ती घेऊ नका, साधी घ्या: गोडॉट ४ मध्ये सी शार्पचा प्रोजेक्ट वेबवर जात नाही. गोडॉटची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट या गेमला पुरून उरते.

काहिलीचं तापमान वाढवताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे दर फ्रेमला ठरावीक आकडा मिळवणं. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या) फोनवर रस नीट उकळेल, १२० हर्ट्झच्या फोनवर दुप्पट वेगानं करपेल. आकडा दर सेकंदाचा धरा आणि डेल्टानं (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेनं) गुणा.

इंजिनाचा निर्णय पक्का करण्याआधी दोन संध्याकाळी द्या. पहिल्या संध्याकाळी फक्त काहील, एक बटण आणि ‘चिपाड टाका’ हे दोन शब्द. दुसऱ्या संध्याकाळी तेवढंच घरातल्या सगळ्यात जुन्या अँड्रॉइड फोनवर चढवा. त्यासाठी जेडीके १७ व अँड्रॉइड एसडीके (अँड्रॉइडची फाइल बनवायची साधनं) आणि गोडॉटचे एक्स्पोर्ट टेम्प्लेट (निर्यातीचे तयार साचे) लागतात. टेम्प्लेटची फाइल एडिटरपेक्षा कितीतरी मोठी असते, तेव्हा डेटा पॅक बघून डाउनलोड करा. निर्यात अडली तर आधी ईटीसी२/एएसटीसी टेक्स्चर इम्पोर्ट (फोनसाठी चित्रं दाबून ठेवायची सोय) चालू आहे का ते पाहा. हे दुसऱ्या संध्याकाळी जमलं नाही, तर सहा महिन्यांनी शंभर फाइली झाल्यावर कारण शोधणं फार जड जातं.

वेबची फाइल इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर फुकट चढते, तिथून सुरुवात करा. गूगल प्लेला एकदाच २५ डॉलर लागतात. वैयक्तिक खातं नवीन असेल तर किमान १२ परीक्षकांनी सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये (निवडक लोकांपुरत्या चाचणीत) राहावं लागतं, मगच गेम सगळ्यांसाठी खुला करण्याचा अर्ज करता येतो. एखाद्यानं मध्येच अंग काढलं तर आकडा खाली येतो, म्हणून बारा नको, सोळा-सतरा जण धरा. त्यांचे जीमेल पत्ते गेम अर्धा असतानाच मागून ठेवा.