गोणीपासून नगापर्यंत

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत २००४ साली दोन इंजेक्शन मोल्डिंग मशिनांवर, म्हणजे वितळवलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरणाऱ्या मशिनांवर, आम्ही काम सुरू केले. खुर्च्या-टेबलांच्या पायांना बसणाऱ्या नायलॉनच्या टोप्या आणि डब्यांची पॉलिप्रॉपिलीनची झाकणे हा तेव्हापासून आमचा मुख्य माल आहे. आज मशिने सात आणि माणसे एकवीस आहेत. गेली काही वर्षे मात्र आमचे सर्वाधिक लक्ष एकाच प्रश्नाकडे लागले आहे: हातात आलेला नग कोणत्या गोणीतल्या प्लास्टिकच्या दाण्यापासून बनला आहे, हे आम्हाला सांगता येते का?

२०१९ मध्ये ते सांगता आले नव्हते. फर्निचर निर्यात करणाऱ्या आमच्या एका ग्राहकाकडे टोप्या वजन पडताच पापुद्रे सुटून तुटू लागल्या. तपासाअंती कळले की झाकणांचे रनर (साच्यात प्लास्टिक पोहोचवणाऱ्या वाटांत घट्ट होणाऱ्या, नगापासून तोडून पुन्हा वापरायच्या काड्या) दळून झाल्यावर ग्राइंडर नीट साफ न करताच त्यात नायलॉनचे रनर दळले गेले होते. पॉलिप्रॉपिलीन आणि नायलॉन एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे थोडीशी भेसळ झालेला दाणाही टोपी कमकुवत करतो. खराब माल बहुधा एकाच पाळीचा होता, पण तो वेगळा काढण्यासाठी आमच्याकडे कोणतीही नोंद नसल्याने बारा दिवसांचा सगळा माल परत घ्यावा लागला. त्यातला बराचसा चांगला होता, हे आजही मनाला लागते.

त्यानंतर आम्ही गोणी फोडताना तिचा लॉट नंबर, म्हणजे खेपेचा क्रमांक, वहीत लिहू लागलो. तेव्हा मशिनवरच्या आमच्या सर्वांत जुन्या कारागिराने विचारले, "साहेब, गोणीचा नंबर लिहू, पण रनर सगळे एकाच पिंपात पडतात, त्यांचं काय?" माग काढण्याच्या साऱ्या व्यवस्थेचे मर्म या प्रश्नात होते. नवा दाणा कागदपत्रांसह येतो, पण तो दळून पुन्हा हॉपरमध्ये, म्हणजे मशिनच्या दाणा भरायच्या नरसाळ्यात, गेला की त्याची ओळख पुसली जाते. म्हणून आता प्रत्येक लॉटचे रनर स्वतंत्र गोणीत जातात, त्या गोणीला मूळ नंबरच मिळतो, नायलॉनसाठी वेगळा ग्राइंडर आहे आणि कोणत्या पाळीत किती दळलेला माल मिसळला हे वजनासह नोंदले जाते. पुढे वहीची जागा मोबाइलने घेतली आणि हॉपर भरताना गोणीवरचा क्यूआर कोड स्कॅन होऊ लागला. टोपीवर कोड छापण्याइतकी जागा नसते. म्हणून साच्यातच महिन्याचा शिक्का आणि कॅव्हिटीचा, म्हणजे नग घडतो त्या पोकळीचा, क्रमांक बसवला आणि कोड खोक्यावर लावला.

ही तयारी कायद्यांच्या दृष्टीनेही वेळेवर झाली. युरोपीय संघाचा डिजिटल उत्पादन पासपोर्टची, म्हणजे वस्तूसोबत तिची माहिती डिजिटल रूपात देण्याची, तरतूद असलेला नियम जुलै २०२४ मध्ये अमलात आला. एप्रिल २०२५ मध्ये त्याखाली जाहीर झालेल्या पहिल्या कार्ययोजनेत प्लास्टिकचे वेगळे नाव नाही, पण फर्निचर आहे, आणि खुर्चीची माहिती द्यायची म्हटले की तिच्या पायाच्या टोपीची माहिती आमच्याकडेच मागितली जाणार. आपल्याकडेही १ जुलै २०२५ पासून प्लास्टिक वेष्टनावरील आवश्यक माहिती बारकोड किंवा क्यूआर कोडद्वारे देण्याची मुभा मिळाली आहे. शिवाय कडक प्लास्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ साठी ३० टक्के पुनर्चक्रित प्लास्टिकचे उद्दिष्ट असून २०२८-२९ पर्यंत ते ६० टक्क्यांवर जाते. डबे भरून विकणारे आमचे ग्राहक त्यामुळे झाकणातील पुनर्चक्रित दाण्याचा पुरावा मागू लागले आहेत.

खरी अडचण इथेच आहे. आमच्या कारखान्याच्या भिंतीआड जे जमले ते भिंतीबाहेर अजून जमलेले नाही. पुनर्चक्रित दाणा ज्या छोट्या व्यावसायिकांकडून येतो, ते तुकडा पाण्यात टाकून, जाळून, वास घेऊन प्लास्टिक अचूक ओळखतात. त्यांच्या कौशल्याबद्दल मला अतिशय आदर आहे, पण त्याची कागदावर कुठेच नोंद नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या चिखली-कुदळवाडीतील भंगाराची गोदामे अतिक्रमणविरोधी कारवाईत हटली, तेव्हा आमचे दोन पुरवठादार पांगले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा माल कुठून येतो याची आम्हाला असलेली तोंडी माहितीही गेली. अशांना वगळून फक्त मोठ्या पुरवठादारांकडून दाणा घेणे सोपे आहे. परंतु शहरातले प्लास्टिक गोळा करून वेगळे करण्याचे काम हीच माणसे करतात आणि नियम त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत, तर कोडमागची माहिती अर्धीच राहील.

म्हणून सध्या आम्ही आमच्या तीन पुरवठादारांना कोरी लेबले आणि वजनाची साधी पत्रके देतो. माल कोणत्या प्रकारच्या भंगाराचा, किती किलो आणि कोणत्या दिवशी धुतला, एवढेच त्यांनी मराठीत किंवा हिंदीत लिहायचे असते. कोड आम्ही तयार करतो. दोघे नियमित लिहितात. तिसऱ्यांकडे येत्या सोमवारी आमचा कारागीर स्वतः जाऊन दिवसभर बसणार आहे.