बंदरवही : चाराचा नऊ झाला ती फेरी

कोल्हापुरात राहून जहाजं बघायचा नाद म्हणजे पन्हाळ्यावर बसून गळ टाकण्यासारखं, असं आमच्या घरात अजूनही ऐकवतात. तरी सहावी फेरी झाली. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटी, एक चहा, आणि थेट भाऊचा धक्का. तिथून मोरा बंदराची लाँच. रेवसची लाँचही तिथूनच सुटते, पण मला मोराच सोयीची. जायचं, धक्क्यावर पाय मोकळे करायचे आणि परतीच्या लाँचला उलट्या बाजूला बसून तीच जहाजं दुसऱ्या अंगानं बघायची. नौदलाची बाजू आली की कॅमेरा पिशवीत, दुर्बीणही खाली. त्यात वाद नको.

या वेळी भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघितलं. पहिल्या दोन फेऱ्यांत ते सुचलंच नव्हतं. ऐन ओहोटीला मोऱ्याला गाळामुळे लाँचचा खोळंबा होतो, हे एक. दुसरं आपल्या कामाचं: नांगरावरचं जहाज पाण्याच्या ओढीकडे तोंड करतं. वारा फार नसेल तर ओहोटीत नाळ (जहाजाचं पुढचं टोक) आत खाडीकडे आणि पिछाडी समुद्राकडे, भरतीत उलटं. नाव, नोंदणीचं बंदर आणि आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा सात आकडी ओळख क्रमांक) बहुतेक वेळा पिछाडीवरच असतो. त्यामुळे कोणत्या वेळी कोणत्या अंगानं जायचं हे घरून ठरवून निघालं तर निम्मं काम तिथंच होतं. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ जास्त, जहाजं कशी ओळीत तोंडं करून उभी राहतात. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, मात्र वारा त्यांना कुठंही फिरवतो.

ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालंय ते, वाचण्यात आता बऱ्यापैकी हात बसलाय. याचं श्रेय पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला. पावसाळ्यात आपल्याकडे सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न "पाणी किती फूट?" असाच असतो; ३९ ला इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ ला ५५ च्याही वर गेलेलं बघितलेली माणसं आपण. जहाजाच्या नाळेवरचे आकडे म्हणजे तीच पट्टी, फक्त मीटरमध्ये. आकडा १० सेंटिमीटर उंच, दोन आकड्यांच्या तळांत २० सेंटिमीटर अंतर. पाणी आकड्याच्या तळाला टेकलं तर तोच ड्राफ्ट, माथ्याला टेकलं तर त्यात १० सेंटिमीटर मिळवायचे. लाट वरखाली होते तेव्हा एकदम आकडा टिपू नका. चार-पाच लाटा बघून मधला घ्या.

लाँचवरच्या खलाशीमामांना यातलं काही लागत नाही. मी दुर्बीण रोखून बसलेलो, तर म्हणाले, "ती लाल दिसतीय ना खाली, ती रिकामी. काय मोजताय?" बरोबरच होतं. पोटाचा लाल पट्टा एवढा उघडा पडलेला की ड्राफ्टचा आकडा वाचायची गरजच नव्हती.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे माझी फजिती. एका नांगरावरच्या टँकरचा आयएमओ नंबर टिपला. लाँच हलत होती, पिछाडीवर गंजाचे ओघळ, पण सातही आकडे मिळाले. रात्री परतीच्या गाडीत ताळा केला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणायचं, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा हाच नंबरातला सातवा. नेहमी उदाहरणाला घेतात तो ९०७४७२९ बघा: ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९, शेवटी ९. जुळला. माझाही जुळला, शेजारी बरोबरची खूण केली आणि झोपलो.

घरी येऊन नंबर शोधला तर निघालं बल्क कॅरिअर, म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणारं जहाज. मी बघितलेल्यावर डेकभर पाइप होते आणि मधोमध होज उचलायची क्रेन. बल्क कॅरिअरला असतात तशी हॅचची, म्हणजे मालाच्या कोठारांच्या तोंडावरची, झाकणं कुठंच नव्हती. दोन दिवस डोकं खाजवलं. मग वहीतल्या चौथ्या आकड्यावर नजर गेली. मी ९ लिहिला होता, तो ४ होता.

गंमत अशी की चौथ्या आकड्याला ४ नं गुणतात. ४ चा ९ झाला तर फरक ५ चा, गुणून २०, आणि बेरजेचा शेवटचा आकडा जागचा हलत नाही. वरच्याच नंबरात ९०७९७२९ करून बघा: बेरीज १५९, शेवटी पुन्हा ९. दुसऱ्या आणि सहाव्या जागीही हेच, कारण तिथं ६ आणि २ नं गुणतात. आणि लांबून सगळ्यात जास्त फसवणारी जोडी कोणती? इंग्रजी ३ आणि ८. फरक पाचच! तिसऱ्या जागी तर ५ नं गुणतात, म्हणजे तिथं ६ चा ८ वाचला तरी ताळा गप्प. मी वर्षभर या ताळ्यावर डोळे मिटून विश्वास टाकत होतो. जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या, आणखी एक तशीच सापडली.

आता वहीत दोन रकाने वाढवलेत. एकात लांबून दिसलेला प्रकार, नंबर वाचायच्या आधीच लिहायचा. दुसऱ्यात शंकेचे आकडे, गोल करून. जाताना एकदा वाचायचं, येताना वहीकडे न बघता पुन्हा. सरावासाठी संध्याकाळी रंकाळ्यावर जातो आणि पलीकडच्या काठावरच्या गाड्यांचे नंबर दुर्बिणीनं वाचतो. काल एका भेळवाल्यानं विचारलं, आरटीओत आहात काय?

सातवी फेरी पौर्णिमेच्या आसपास धरलीय. ड्रेजर (गाळ उपसणारं जहाज) काम करताना मिळाला तर त्यानं खुणेसाठी वर टांगलेले गोळा-चौकट-गोळा असे काळे आकार जवळून बघायचेत. अजून एकदाच दिसले, तेही उन्हाच्या विरुद्ध बाजूनं.