ला फुंदी

माझ्या वहीत एक पान आहे. त्यावर हंड्याचं चित्र, त्याखाली चंद्रकोर, मग तीन ठिपके आणि ठिपक्यांतून वर जाणारी नागमोडी रेघ. या सगळ्यावरून एक तिरका फराटा. माझ्या वहीत तिरका फराटा म्हणजे ‘हे सांगितलं नाही’. पानावर तारीख ऑक्टोबर २०२२ ची, गाव मॉन्तेरेय, मेक्सिको.

मी पुण्यात स्पॅनिश शिकले आणि दुभाषी झाले. काम बहुतेक इंग्रजीच्या आधाराने चालतं. थेट स्पॅनिशमधून मराठीत बोलायला फार क्वचित मिळतं, म्हणून कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीचे मालक आणि त्यांचे क्वालिटीचे साहेब मॉन्तेरेयला निघाले तेव्हा मी दुसरं काम सोडून त्यांच्याबरोबर गेले. जायच्या आधी ड्रॉइंग आणि रिजेक्शनचे रिपोर्ट मागितले होते. मिळाले विमानात. दुभाष्याला लोक चहापाणी अगत्याने विचारतात, कागद मात्र देत नाहीत. शब्द त्याच्या तोंडात आपोआप तयार असतात अशी सगळ्यांची समजूत असते.

त्यांचं दुखणं पावसाळ्याचं होतं. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, वरून अगदी स्वच्छ दिसतं, पण मशीनवर दोनेक मिलिमीटर कातलं की आतून टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात, ती पिनहोल. उन्हाळ्यात एकही नाही, जून लागला की सुरू. ओलावा वितळलेल्या लोखंडाला भेटला की त्यातला हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि धातू थिजताना तिथेच अडकतो. एवढं क्वालिटीच्या साहेबांना माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं ठाऊक होतं. ओलावा येतो कुठून, भंगारातून, वाळूतून, हवेतून की लॅडलच्या, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या हंड्याच्या, अस्तरातून, हेच त्यांना पकडता येत नव्हतं.

यजमान कारखान्यात उत्तरं द्यायला एक बहात्तर वर्षांचे गृहस्थ आले. आठवड्यातून तीन दिवस सल्ला द्यायला येत. सगळे त्यांना ‘माएस्त्रो’ म्हणत. मी मराठीत ‘मेस्त्री’ म्हटलं. आपला मेस्त्री पोर्तुगीजांकडून आलेला, तेव्हा दोन्ही शब्द मुळात चुलतभाऊच. मालकांनाही तो पटकन पटला. त्या दिवसातला माझा सगळ्यात चांगला अनुवाद तोच.

मेस्त्रींनी पहिल्याच उत्तराची सुरुवात केली, “एन ला फुंदी…” फुंदीमध्ये आम्ही…

‘ला फुंदी’ म्हणजे मॉन्तेरेयची लोखंड-पोलाद कंपनी, ‘फुंदिदोरा’. स्थापना १९०० ची. १९०३ मध्ये तिची पहिली झोतभट्टी पेटली. खनिजापासून तयार पोलादापर्यंत सगळं एकाच आवारात करणारा लॅटिन अमेरिकेतला हा पहिला कारखाना. तिसरी झोतभट्टी, ‘ओर्नो त्रेस’, १९६८ मध्ये आली. मेस्त्री त्याच वर्षी, अठराव्या वर्षी कामाला लागले. कंपनी पुढे सरकारच्या ताब्यात गेली, कर्जात बुडाली आणि मे १९८६ मध्ये दिवाळखोरीत निघून बंद झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस मेक्सिकोत फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला. सामने मॉन्तेरेयमध्येही झाले.

दुसरं उत्तर, “एन ला फुंदी…” तिसरं, तेच. मालक घड्याळ बघायला लागले. मेस्त्री चौथ्यांदा फुंदीत शिरले तेव्हा ते माझ्याकडे झुकून म्हणाले, “मॅडम, थोडक्यात सांगा की. भोकाचं काय म्हणतोय त्यो?”

दुभाषी बोलणाऱ्याच्या जागेवरून बोलतो. मेस्त्री ‘मी’ म्हणाले की मीही ‘मी’ म्हणायचं. ते अडखळले तर मीही अडखळायचं. सकाळपासून मी तसंच बोलत होते. त्या क्षणी मात्र म्हणाले, “ते त्यांच्या जुन्या कारखान्याच्या आठवणी सांगतायत.” ‘मी’चं ‘ते’ झालं, की समोरच्या माणसाला आपण चर्चेतून उठवून बाहेर बसवलेलं असतं. मी ते केलं आणि वहीत फराटा मारला.

मला ते खरंच गहिवरणं वाटलं होतं. त्यात त्या शब्दाचाही हात आहे. मराठी कानाला ‘फुंदी’ ऐकू येतं ते फुंदण्याच्या जवळचं. शिवाय त्या शहरात असं बोलणं सकाळपासून कानावर पडत होतं. ड्रायव्हर पत्ता सांगताना म्हणाला होता, “जिथे पूर्वी हिगांते होतं तिथून डावीकडे.” हिगांते ही सुपरमार्केटची मोठी साखळी. तिची दुकानं सोरियानाने घेतली त्याला तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. यजमानांच्या ऑफिसातल्या बाईंनी माझं परतीचं तिकीट बघून मेखिकानाचा विषय काढला. १९२१ पासूनची ती विमान कंपनी ऑगस्ट २०१० मध्ये थांबली, आणि बाई तिच्या विमानांबद्दल माहेरच्या माणसांबद्दल बोलावं तशा बोलत होत्या. मी या सगळ्याला एकाच खान्यात टाकलं. जुनं ते सोनं, ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं.

संध्याकाळी यजमानांनी आम्हाला फुंदिदोराच्या आवारातच नेलं. तिथे आता मोठी बाग आहे. ओर्नो त्रेसचं २००७ मध्ये पोलादाचं संग्रहालय झालं. भट्टीचा सांगाडा तसाच उभा आहे, गंजाच्या रंगाचा, आणि दूर सेर्रो दे ला सिया, खोगिरासारखा डोंगर. पोरं सायकली चालवत होती. मालक फोटो काढण्यात रमले. मेस्त्री मला भट्टीच्या पायाशी घेऊन गेले आणि धातू बाहेर काढायचं तोंड दाखवलं. त्याला ते लोक ‘पिकेरा’ म्हणतात. भट्टी फोडून धातू काढण्याला ‘सांग्रार’, म्हणजे रक्त काढणं. शब्द मला पाठ होते, पण वाकून, हाताने कोन दाखवून ते कुणी समजावलं नव्हतं. मी विचारलं, सकाळी हंड्याचं काय म्हणालात? त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. म्हणाले, “तुम्ही त्यांना सांगितलंत ना?”

मी ‘हो’ म्हणाले. हे खोटं अजून टोचतं.

रात्री हॉटेलात वही उघडून खुणा परत जुळवल्या. हंडा म्हणजे ‘ओया’, लॅडल. चंद्रकोर म्हणजे रात्रभर. ठिपके म्हणजे लॅडलच्या पत्र्याला पाडलेली बारीक भोकं, नागमोडी रेघ म्हणजे वाफ. मेस्त्री म्हणत होते: फुंदीत आम्ही अस्तर वरून वाळलं म्हणून कधी लॅडल घेतली नाही. रात्रभर बर्नरखाली ठेवायची. आतला ओलावा पाठीमागे, पत्र्याकडे पळतो आणि त्या भोकांतून बाहेर येतो. भोकाशी थंड पत्र्याचा तुकडा धरायचा. त्यावर दव आलं तर ओया ओली. मॉन्तेरेयमध्ये सप्टेंबरात पाऊस येतो तेव्हा जास्तच सांभाळायचं, कारण दुपारी वाळलेलं अस्तर पहाटेपर्यंत पुन्हा ओल धरतं.

मालक “भोकाचं काय” विचारत होते आणि मेस्त्री भोकाचंच सांगत होते.

फुंदीचं नाव त्यांच्या तोंडी सारखं का येत होतं, हेही तेव्हा लक्षात आलं. पद्धत कुठे सिद्ध झाली, किती वर्षं टिकली, याचा तो दाखला होता. कारखाना गेला, त्याची दप्तरं कुठे गेली कोण जाणे, पण या माणसाच्या डोक्यात प्रत्येक गोष्ट त्या नावाखालीच लावून ठेवलेली आहे. नाव काढून घेतलं तर खालची गोष्ट बाहेर येत नाही.

सकाळी विमानतळाच्या वाटेवर मी सगळं सांगितलं. क्वालिटीचे साहेब लगेच लिहून घ्यायला लागले. मालक म्हणाले, “आणि हे काल का नाही सांगितलं?” थोडक्यात सांगा असं त्यांनीच म्हटलं होतं. मी ते बोलले नाही, कारण ते कारण पुरेसं नाही. गिऱ्हाईक घाईत असणारच. काय गाळायचं ते त्याने ठरवायचं असतं, आणि ठरवण्यासाठी ते आधी त्याच्या कानावर जायला हवं. परत आल्यावर चारही उत्तरं आठवतील तशी लिहून पाठवली. पहिल्या तिन्हींतही फुंदी होती. तिथे मी फराटे मारले नव्हते, पण वाक्यं आखूड केली होती. त्यात काय गेलं ते वहीत नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात क्वालिटीच्या साहेबांनी फोटो पाठवला. लॅडल बर्नरखाली, पत्र्याला ओळीने भोकं. पिनहोल कमी झालीत म्हणाले. त्याच वर्षी त्यांनी भंगारावर शेडही घातली, त्यामुळे श्रेय कुणाचं ते त्यांनाही सांगता येत नाही. खाली एक प्रश्न होता: मेस्त्रींना विचाराल का, थंड पत्रा किती वेळ धरायचा?

मी यजमानांमार्फत विचारलं. दोन दिवसांनी आवाजी निरोप आला, सहा मिनिटांचा. खाली यजमानांची क्षमा मागणारी ओळ, म्हातारे लांबण लावतात, कामाचं शेवटी आहे.

मी कानाला हेडफोन लावले, वही जवळ घेतली आणि पहिल्या सेकंदापासून लिहायला सुरुवात केली. “फुंदीमध्ये आम्ही…”