तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या घेऊनही परत का होतं?

मी इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते. हे कळलं की रामबागेतलं हळदीकुंकू असो की कुणाचं लग्न, कोणीतरी मला बाजूला घेतं आणि हळूच विचारतं, "ताई, अंगावरून पांढरं जातं, वास येतो. गोळ्या घेतल्या की थांबतं, पाळी झाली की परत सुरू. माझ्या स्वच्छतेत काही कमी पडतं का?"

शेवटचा प्रश्न बहुतेक सगळ्याच जणी विचारतात, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. नाही, काही कमी पडत नाही. उलट बऱ्याच जणी गरजेपेक्षा जास्त धुतात. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू असावेच लागतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि बाकीच्या जिवाणूंना फार वाढता येत नाही. आतून साबण, डेटॉलचं पाणी किंवा सुगंधी वॉश वापरला की नेमकं हेच संरक्षण कमी होतं. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं तरी पुरे. दही लावण्याचा सल्लाही अनेकींना मिळालेला असतो. पण दह्यातले लॅक्टोबॅसिलस वेगळ्या जातींचे, ते योनीमार्गात टिकून राहत नाहीत.

लॅक्टोबॅसिलस घटले आणि गार्डनेरेलासारखे जिवाणू माजले, की त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. डॉक्टर नुसतं बीव्ही म्हणतील. मायक्रोस्कोपखाली हा फरक लगेच दिसतो. निरोगी स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेल्या स्रावात, योनीच्या अस्तराच्या पेशी मोठ्या, सपाट, कडा स्पष्ट, आणि आसपास रंगामुळे जांभळे दिसणारे लांबट लॅक्टोबॅसिलस. बीव्हीमध्ये ते जवळजवळ नसतातच. पेशीवर बारीक जिवाणू इतके दाट चिकटलेले असतात की तिची कड कुठे संपते ते कळत नाही. या पेशीला आम्ही क्लू सेल म्हणतो. स्रावावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे आम्लता घालवणाऱ्या द्रावणाचा, एक थेंब टाकला की मासळीचा वास एकदम वर येतो. पाळीनंतर किंवा संबंधानंतर वास वाढतो, त्याचंही कारण हेच: रक्त आणि वीर्य दोन्ही योनीमार्गाइतके आम्लधर्मी नसतात. पातळ, एकसारखा स्राव, ४.५ च्या वरचा पीएच, हा वास आणि क्लू सेल, या चारांपैकी तीन खुणा मिळाल्या तर निदान पक्कं. ही पद्धत १९८३ पासूनची आहे, आणि तिला महागडं यंत्र लागत नाही.

मग इतकी साधी तपासणी होत का नाही? कारण बाई संकोचाने आधी मेडिकलवर जाते, किंवा शेजारणीला लागू पडलेलं पाकीट मागवते. आमच्याकडे सगळ्याला 'सफेद पानी' हे एकच नाव, त्यामुळे पुष्कळदा तिच्या हातात फ्लुकोनॅझोल पडतं. ते बुरशीचं औषध. बुरशीमध्ये खाज जास्त, स्राव घट्ट आणि वास फारसा नसतो. बीव्हीवर त्याचा काही उपयोग नाही. ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा स्रावही वास मारतो, पण तो लैंगिक संबंधातून पसरणारा संसर्ग, त्यात जोडीदाराला औषध द्यावंच लागतं. म्हणून मी कळकळीने सांगते, परत त्रास झाला तर गोळी घेण्याआधी स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेला स्रावाचा नमुना, तपासायला द्या. खासगीत जायचं नसेल तर सरकारी रुग्णालयांत याच तक्रारींसाठी सुरक्षा क्लिनिक असतात.

आता मूळ प्रश्न, परत का होतं. नेहमीचा उपचार म्हणजे मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ७ दिवस, किंवा त्याचं जेल, किंवा क्लिंडामायसिनचं क्रीम. याने आराम पडतो हे खरं, पण वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना हा त्रास पुन्हा होतो, आणि तो औषध अर्धवट सोडल्यामुळेच होतो असं नाही. हे जिवाणू योनीच्या अस्तरावर थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. हंडा नुसता विसळला तर आतला बुळबुळीत थर जसा तसाच राहतो, तसं औषध वरवरचे जिवाणू मारतं आणि थराखालचे काही वाचतात. त्यात लॅक्टोबॅसिलस लवकर परतत नाहीत.

वर्षातून तीनदा किंवा त्याहून अधिक वेळा झालं तर डॉक्टर लांबचा उपचार देतात. आधी पूर्ण कोर्स, मग मेट्रोनिडॅझोल जेल आठवड्यातून दोनदा, चार ते सहा महिने. काहींना बोरिक ॲसिडच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूलही देतात. त्या चुकूनही गिळायच्या नाहीत, ते विष आहे, आणि गरोदरपणात वापरायच्या नाहीत. कॉपर-टी असेल तर तेही सांगा, कारण ती बसवलेल्या बायकांमध्ये बीव्ही जास्त आढळतं. काढायची की नाही, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि नवरा? वर्षानुवर्षं आपण ऐकत आलो, पुरुषाला औषध द्यायची गरज नाही. जुन्या प्रयोगांमध्ये पुरुषांना नुसत्या गोळ्या दिल्या होत्या आणि फरक पडला नव्हता. पण हे जिवाणू पुरुषाच्या मूत्रमार्गात असतात तसे लिंगाच्या त्वचेवरही असतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १६४ जोडप्यांवर प्रयोग करून २०२५ मध्ये निष्कर्ष छापले. सगळ्या बायकांना नेहमीचा उपचार दिला. निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषालाही मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लावायला क्लिंडामायसिन क्रीम, दोन्ही ७ दिवस. १२ आठवड्यांत पुन्हा त्रास झाला तो या गटात ३५ टक्के जणींना, आणि फक्त बाईवर उपचार झालेल्या गटात ६३ टक्के जणींना.

हे आकडे मी भेटेल तिला सांगते. इतकी वर्षं पथ्यं, गोळ्या आणि ओशाळेपण एकट्या बाईने सोसलं, ते मला पटत नाही. यात कुणाच्या चारित्र्याचाही प्रश्न नाही. एकमेकांशी एकनिष्ठ जोडप्यांमध्येही हे जिवाणू इकडून तिकडे जातात; तो प्रयोगही अशाच जोडप्यांवर झाला होता.

घरी बोलायला जड जात असेल तर पुढच्या भेटीला दोघं जा, किंवा डॉक्टरांना नवऱ्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहून द्यायला सांगा आणि ती तुमच्या गोळ्यांसोबत त्याच्या हातात ठेवा. औषध दोघांनी एकाच वेळी सुरू करायचं. ते सात दिवस संबंध नको, आणि क्लिंडामायसिन क्रीमने कंडोमचं रबर कमजोर होतं, म्हणून क्रीम थांबल्यावरही काही दिवस कंडोमवर भरवसा ठेवू नका.