एफ २३ ते एफ ३१ : मानसिक आजाराचे निदान का बदलते?

मानसिक आजाराच्या पहिल्या काही वर्षांत घरच्यांचा डॉक्टरांवरचा विश्वास सर्वांत जास्त कशाने डळमळत असेल, तर तो निदान बदलल्याने. एका डॉक्टरांनी ‘सायकोसिस’, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटणे, असे म्हटलेले असते, दुसऱ्यांच्या कागदावर ‘स्किझोफ्रेनिया’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलेले असते आणि तिसरीकडे गेल्यावर हा बायपोलर, म्हणजे उधाणलेला उन्माद आणि नैराश्य यांच्या फेऱ्यांचा आजार, असल्याचे कळते. मग नातेवाइकांपैकी कोणीतरी म्हणतेच, ‘त्यांचेच नक्की नाही, तर एवढ्या गोळ्या कशाला द्यायच्या?’ आणि गोळ्या बंद होतात. गोळ्या अचानक बंद केल्यावर काय होते, हे ज्या घरांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

माझ्या धाकट्या भावाच्या फाइलमध्ये हे तीनही टप्पे आहेत. त्याला विचारून आणि मजकूर वाचायला देऊन मी हे लिहिते आहे. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर ‘एफ २३’ असा संकेतांक आहे, पुढच्या एका कागदावर ‘एफ २०’ आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे, आणि गेली कित्येक वर्षे प्रत्येक कागदावर ‘एफ ३१’ आहे. हे संकेतांक कुठून येतात आणि ते बदलतात कसे, हे मी वाचत गेले तसतसे माझे मत पक्के होत गेले : पहिले निदान बदलणे हा पुष्कळदा वैद्यकीय गोंधळ नसतो. या आजारांच्या वर्गीकरणात काळ हा निदानाचाच एक भाग आहे, आणि तो काळ गेल्याशिवाय योग्य नाव देता येत नाही. घरच्यांना हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितले, तर अनेक रुग्णांची औषधे सुटणार नाहीत.

संकेतांकातले ‘एफ’ हे अक्षर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून, म्हणजे आयसीडीतून येते. त्याच्या दहाव्या आवृत्तीत मानसिक आणि वर्तनविषयक विकारांचे सगळे प्रकरण एफ ०० ते एफ ९९ या संकेतांकांत बसवलेले आहे. एफ १० पासून दारू व अन्य व्यसनांशी निगडित विकार, एफ २० पासून स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जवळपासचे आजार, एफ ३० पासून मनःस्थितीचे म्हणजे उन्माद व नैराश्याचे आजार, एफ ४० पासून चिंता, भीती, मंत्रचळ यांसारखे विकार, अशी ती मांडणी आहे. अकरावी आवृत्ती जागतिक आरोग्य सभेने २०१९ मध्ये स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. तिचे संकेतांक वेगळे आहेत, पण जुन्या फाइली घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या हाती आजही बहुधा ‘एफ’चेच कागद असतात.

मधुमेहाला रक्तातील साखर मोजता येते. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा नैराश्य यांच्यासाठी तशी कोणतीही रक्ततपासणी अथवा स्कॅन आजही नाही. सुरुवातीला ज्या तपासण्या करून घेतात, त्या थायरॉइड, मेंदूतील गाठ, फिट्स, व्यसन अशी दुसरी कारणे वगळण्यासाठी असतात. त्यानंतर उरतात त्या चार गोष्टी : कोणती लक्षणे आहेत, ती किती दिवस टिकली, ती कोणत्या क्रमाने आली, आणि त्यांमुळे रोजच्या जगण्यात किती अडथळा आला. वर्गीकरणाची सगळी इमारत याच चार खांबांवर उभी आहे, आणि त्यांतले दोन सरळसरळ काळाशी बांधलेले आहेत.

आजाराचा काळानुसार होणारा प्रवास पाहायचा, ही दृष्टी मुख्यतः जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांची. हायडेलबर्ग येथे काम करताना ते प्रत्येक रुग्णाची माहिती कार्डांवर नोंदवून ठेवत आणि तोच रुग्ण पुढे कसा होता याचा माग घेत. पहिल्या भेटीत दोन रुग्ण अगदी सारखे दिसू शकतात, दोघांनाही भास होतात, दोघांनाही लोक आपल्या मागावर आहेत असे वाटते. परंतु काही वर्षांनी एक जण मधल्या काळात पूर्ण बरा होऊन पुन्हा आजारी पडलेला असतो, तर दुसरा हळूहळू खालावत गेलेला असतो. या निरीक्षणाच्या आधारे त्यांनी १८९९ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत दोन मोठे गट वेगळे केले. खालावत जाणाऱ्या गटाला पुढे ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले, आणि येऊन-जाऊन असणाऱ्या गटाचा एक मोठा भाग आज आपण बायपोलर म्हणून ओळखतो. ही विभागणी आजही वर्गीकरणाचा कणा आहे.

क्रेपेलिन यांचे सगळेच टिकले असे मात्र नाही. स्किझोफ्रेनिया म्हणजे उतरण ठरलेलीच, हे त्यांचे गृहीतक पुढील अभ्यासांनी खोडून काढले. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ देशांत जो पथदर्शी अभ्यास सुरू केला, त्यात आपल्याकडचे आग्रा हे केंद्र होते. आग्रा आणि नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची पुढील वाटचाल अनेक श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा चांगली आढळली. ती तशी का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु ‘स्किझोफ्रेनिया लिहिले म्हणजे आयुष्य संपले’ असे समजून कोसळणाऱ्या आई-वडिलांपर्यंत ही माहिती पोहोचलीच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

एकाच रुग्णाला दोन डॉक्टरांनी दोन नावे देण्यामागे कधी कधी खरोखरच डॉक्टरांच्या सवयी असतात, आणि हे मानसोपचारशास्त्राने स्वतःच मोजून दाखवले आहे. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनपेक्षा खूपच जास्त होत असे. आजारच तिकडे जास्त आहे की शब्दच सैलपणे वापरला जातो, हे तपासण्यासाठी दोन्ही देशांतील मानसोपचारतज्ज्ञांना त्याच रुग्णांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दाखवण्यात आल्या. त्यांतील एका तरुणाला ६९ टक्के अमेरिकी तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया असल्याचे सांगितले, तर ब्रिटिश तज्ज्ञांपैकी अवघ्या २ टक्क्यांनी. रुग्ण तोच, मुलाखत तीच. म्हणजे विमानात बसून अटलांटिक ओलांडला, तर त्या तरुणाचा आजार बदलला असता.

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम’ या वर्गीकरणाची १९८० ची तिसरी आवृत्ती निर्णायक ठरली, ती या पार्श्वभूमीवर. रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या त्या आवृत्तीने आजाराच्या कारणांविषयीचे वाद बाजूला ठेवले आणि प्रत्येक विकारासाठी लक्षणांची यादी, त्यांपैकी किमान किती हवीत आणि ती किमान किती काळ हवीत, असे निकष घालून दिले. बालपणीच्या दडपलेल्या इच्छा हे कारण आहे की मेंदूतील रसायने, यावर एकमत नसलेले दोन डॉक्टरही आता एकाच रुग्णाला एकच नाव देऊ शकत होते. संशोधनाला, औषधांच्या चाचण्यांना आणि आमच्यासारख्या शहर बदलणाऱ्या कुटुंबांना याचा मोठा आधार झाला.

आता भावाच्या फाइलकडे येते. तो अभियांत्रिकीच्या परीक्षेच्या सुमारास झोपेनासा झाला, रात्रभर बोलू लागला, आणि टीव्हीवरच्या बातम्यांतून आपल्यालाच खुणा केल्या जात आहेत असे सांगू लागला. आत्याने बाहेरचे काहीतरी झाल्याचे सांगून पाहिले, पण आईने त्याला रुग्णालयात नेले. तिथे एफ २३ लिहिले गेले, म्हणजे अचानक सुरू झालेला आणि अल्पकाळ टिकणारा तीव्र मनोविकार. दहाव्या आवृत्तीच्या नियमानुसार हे नाव स्वभावतःच तात्पुरते असते. स्किझोफ्रेनियासारखी लक्षणे महिन्याभराच्या आत ओसरली तर ते राहते. महिन्यापलीकडे टिकली तर नाव बदलावे लागते. अमेरिकी वर्गीकरणात स्किझोफ्रेनिया म्हणण्यासाठी आजाराची चिन्हे किमान सहा महिने टिकावी लागतात. पहिल्या आठवड्यात समोर बसलेल्या डॉक्टरांना पुढचा महिना दिसू शकत नाही, एवढी साधी ही बाब आहे.

लक्षणे ओसरली, पण काही महिन्यांनी तो अंथरुणाला खिळला. अंघोळ नाही, बोलणे नाही, मित्रांचे फोन घेणे नाही. याच काळात नव्या शहरातल्या नव्या डॉक्टरांनी त्याला प्रथम पाहिले आणि प्रश्नचिन्हासह एफ २० लिहिले. स्किझोफ्रेनियातही माणूस असाच आत ओढला जातो, चेहरा निर्विकार होतो, उमेद संपते. तीव्र नैराश्यही बाहेरून बरेचसे असेच दिसते. आधी भास-भ्रम होऊन गेलेल्या आणि आता गप्प झालेल्या मुलाकडे पाहून ती शंका घेणे योग्यच होते. ते प्रश्नचिन्ह मला आज त्या कागदावरची सर्वांत प्रामाणिक खूण वाटते.

पुढच्या वर्षी तो पहाटे तीन वाजता काकांना फोन करून धंद्याच्या योजना सांगू लागला, उधारीवर वस्तू आणू लागला, दोन तास झोपूनही थकेना. उन्मादाच्या निदानाला साधारण आठवडाभराचा कालावधी लागतो, तो कधीच उलटून गेला होता. आता मागचा सगळा क्रम एका रेषेत आला : पहिली झोपेविनाची रात्र, नंतरचे गप्प महिने आणि हा नवा उधाणलेला काळ. कागदावर एफ ३१, म्हणजे बायपोलर, आले. दहाव्या आवृत्तीत बायपोलरसाठी मनःस्थितीचे किमान दोन वेगळे टप्पे आवश्यक आहेत. अकराव्या आवृत्तीत उन्मादाचा एक स्पष्ट टप्पाही पुरतो. साध्या तापाचा चौथ्या-पाचव्या दिवशी टायफॉइड निघाला, तर आपण पहिल्या डॉक्टरांना दोष देत नाही. इथे तोच अवधी महिन्यांचा आणि वर्षांचा असतो.

नाव बदलल्याने औषधही बदलले, म्हणून हा विषय निव्वळ शब्दांचा नाही. बायपोलरमधील नैराश्याला केवळ नैराश्यविरोधी गोळी दिली, तर काही रुग्णांत उन्माद उसळू शकतो. भावाला लिथियम सुरू झाले. जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात ज्याचा उन्मादावरील गुण नोंदवला तेच हे औषध. त्याची रक्तातील पातळी ठरावीक मर्यादेत ठेवावी लागते आणि किडनी व थायरॉइडवर लक्ष ठेवावे लागते.

या वर्गीकरणाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. डीएसएमनुसार तीव्र नैराश्यासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणे लागतात, आणि त्यांत उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक असलेच पाहिजे. गणित करून पाहिले, तर हा निकष २२७ वेगवेगळ्या प्रकारांनी पूर्ण होतो, आणि दोन रुग्णांत केवळ एकच लक्षण समान असूनही दोघांच्या कागदांवर तेच निदान येऊ शकते. नावाखाली एकच आजार आहे, की अनेक आजार एकत्र बसले आहेत, याचे उत्तर यादीत मिळत नाही. अकराव्या आवृत्तीने स्किझोफ्रेनियाचे जुने उपप्रकार काढून टाकले आणि व्यक्तिमत्त्व विकारांचे ठरावीक कप्पे मोडून तीव्रतेवर भर दिला, तो अशाच अडचणींमुळे.

आणि एक चूक तर मर्यादा म्हणण्याच्याही पलीकडची होती. समलैंगिकता हा विकार असल्याची नोंद डीएसएममधून डिसेंबर १९७३ मध्ये काढण्याचा निर्णय झाला, आणि आयसीडीमधून ती १९९० मध्ये गेली. तोवर असंख्य निरोगी माणसांवर आजाराचा शिक्का बसला, उपचारांच्या नावाखाली त्यांचे हाल झाले. समाजाला जे रुचत नाही त्याला आजार म्हणण्याचा मोह वैद्यकशास्त्रालाही होतो, हे कोणत्याही यादीकडे पाहताना ध्यानात ठेवले पाहिजे.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे तिसरे कलम मला म्हणूनच फार मोलाचे वाटते. मानसिक आजार आहे की नाही हे आयसीडीसारख्या मान्य वैद्यकीय मानकांनुसारच ठरवावे, असे ते सांगते. राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती, जात-धर्म किंवा प्रचलित नैतिक-सामाजिक मूल्ये न पाळणे या आधारावर कोणाला आजारी ठरवता येत नाही. पूर्वी कधी रुग्णालयात दाखल होता, एवढ्यावरून आज आजारी मानता येत नाही. लग्नाच्या बोलणीत, जमिनीच्या वाटणीत, नोकरीत जुनी फाइल बाहेर काढणाऱ्यांना हे वाक्य वाचून दाखवावे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे ‘आयडियाज’ ही मोजपट्टी वापरतात. तिच्यातही आजाराच्या नावासोबत स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद आणि काम यांत किती अडचण येते आणि आजार किती काळ आहे, हे पाहतात. एकाच संकेतांकाची दोन माणसे किती वेगळी असतात, हे तिथे नीट नोंदले जाते.

ज्यांच्या घरी निदान अजून ठरते आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे थोडे. जुना एकही कागद टाकू नये, कारण नव्या डॉक्टरांसाठी जुने, बदललेले निदानही पुरावा असते. तारखा लिहून ठेवाव्यात : झोप कधी कमी झाली, बोलणे कधी वाढले, कोणती गोळी कधी सुरू झाली आणि कधी सुटली. ‘हे निदान आता नक्की आहे की थांबून पाहायचे आहे?’ असे डॉक्टरांना सरळ विचारावे. आमच्याकडे आई एका साध्या वहीत भावाच्या झोपेचे तास लिहिते. डॉक्टर आधी तीच वही मागतात, आणि मागच्या पावसाळ्यात झोप सलग चार रात्री कमी झालेली दिसताच त्यांनी उन्माद चढण्याआधी औषधाची मात्रा बदलली.